पळून दाखव

"बहन, घर में कौन-सा पाप छुपाकर बैठी हो?"

माईक प्रचारकाच्या हातात होता. प्रश्न मला, आणि ऐकायला अख्खं मैदान. माझी तेरा वर्षांची मुलगी स्टेजच्या फळ्यांवर बसली होती, दोन्ही गुडघे पोटाशी धरून. नुकतंच तिला पळायला लावलं होतं.

आमगावजवळ, धान कापून झालेल्या बांधीत आजार बरे करण्याच्या प्रार्थनासभेचा मांडव घातला होता. प्रचारक मोठ्या शहरातून आले होते. पुढे सोफे, मागे खुर्च्या, त्यामागे आमच्यासाठी ताडपत्री. स्वर्गातही अशीच व्यवस्था असेल, असं मांडववाल्याला वाटलं असावं.

मुलीला सिकलसेल आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. आमच्याकडे विळा घरोघरी, त्यामुळे डॉक्टरांना फार समजवावं लागलं नाही. म्हणाले, अर्धा आजार आईकडून, अर्धा बापाकडून. आमच्या लग्नात देणंघेणं झालं नव्हतं. एवढं मात्र दोन्हीकडून बरोबर आलं.

दुखणं उठलं की ती ओरडत नाही. उशी चावते. मी तव्यावर वाळू तापवते, फडक्यात बांधून तिचे पाय शेकते आणि देवाशी बोलते. नवरा नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर. फोनवर तो नुसता ऐकतो. देवही नुसता ऐकतो, पण त्याचा रिचार्ज संपत नाही. मी वाचनालयात नोकरी करते, बरंच वाचलं आहे. त्यातलं काहीही त्या वेळी कामी येत नाही. जे येतं ते एवढंच, की कोणीतरी ऐकून राहिलं आहे.

आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, साक्ष देण्याची रीत आहे. कुणाचा ताप उतरला, कुणाची म्हैस सापडली, की रविवारी उभं राहून सांगायचं. मला ही रीत आवडते. म्हशीसाठीही देवाचे आभार मानणारी माणसं जगात हवीत. पण या सभेत साक्ष आधी होती आणि बरं होणं मागाहून. आजाऱ्याला वर न्यायचं, डोक्यावर हात ठेवायचा, मग 'पळून दाखव'. समोर कॅमेरा.

मी गेले, कारण आठवडाभरापूर्वीच पोरगी दवाखान्यातून आली होती आणि माझ्यात काही उरलं नव्हतं. आमच्या मंडळीचे पाळकबाबा म्हणाले, आण तिला. आणली.

प्रचारकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली आणि म्हणाला, "दौड़ो बेटी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "माय, काऊन पळू? दुखून राह्यलं."

हे माईकमध्ये आलं नाही. ती पळाली. स्टेजच्या त्या टोकापर्यंत गेली, परत आली आणि खाली बसली. पळताना सगळ्यांनी पाहिली, हालेलूयाचा गजर झाला. बसलेली कोणी पाहिली नाही. त्याने मात्र पाहिली. म्हणून मग पापाचा प्रश्न.

तो म्हणाला, मुलगी बरी झाली आहे, आईचा अविश्वास तिला धरून बसला आहे. थैलीतल्या गोळ्या काढ आणि इथे प्रभूच्या चरणी टाक. चरण तर त्याचेच दिसत होते, पॉलिश केलेल्या बुटांतले.

माझा हात थैलीत गेला. गोळ्यांचं पाकीट हाताला लागलं. तेवढे लोक, तेवढे डोळे. वाटलं, टाकून द्यावं. कोण जाणे, माझ्यातच खोट असेल. त्या क्षणी त्याने मागितलं असतं ते मी दिलं असतं.

मग मला प्रभूच्या वधस्तंभाखालची गर्दी आठवली. तीही हेच म्हणत होती. खरा असशील तर खाली उतरून दाखव. तो उतरला नाही. त्याच्या न उतरण्यावर माझा विश्वास उभा आहे. मग माझ्या पोरीनं कायले पळून दाखवावं?

कबुली येणार असं समजून त्याने माईक माझ्या तोंडाशी धरला.

मी म्हणाले, "पोरगी बरी झाली नाई. गोळ्या मी टाकत नाई. अन् माहा विश्वासबी टाकत नाई."

मग वाद्यवाल्यांनी घाईघाईने गाणं सुरू केलं. पट्टा लावलेल्या दोन स्वयंसेवकांनी आम्हाला पायऱ्यांकडे ढकललं. मुलीला मी कडेवर घेतलं. तेरा वर्षांची पोर कडेवर मावत नाही.

मांडवाबाहेर पाळकबाबा मागून आले. "बाई, हालेलूया म्हणून उतरली असती तं काय गेलं असतं?"

"पोरीच्या गोळ्या गेल्या असत्या, बाबा."

दोन दिवसांनी दुखणं पुन्हा उठलं. गोंदियाचा दवाखाना, सलाईन. मंडळीतल्या बाया भेटायला आल्या, संत्री घेऊन. जाताना एकीने दारातच दुसरीला सांगितलं, पाहा, मायनं तोंड चालवलं त्याचं हे फळ. दार उघडंच होतं.

मी प्रार्थना केली असं लिहिणं शोभून दिसेल. खरं म्हणजे मी खाटेचा लोखंडी गज धरून नुसतं "बापा, बापा" म्हणत होते.

मुलगी भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "माय, मंग पाप माहं आहे का?"

स्टेजवर माझा अपमान झाला तो मी गिळला असता. आम्हाला गिळायची सवय आहे. पण त्या माणसाचा प्रश्न माझ्या पोरीच्या अंगात गेला होता, सुईच्या मागोमाग, आणि तो काढायला कोणतीच गोळी नव्हती.

"नाई," मी म्हणाले. "तुहं नाई, माहंबी नाई." तिने मान वळवली नाही.

आता रविवारी प्रार्थनेला गेलो की सतरंजीवर आमच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहते. ऐसपैस बसता येतं. साक्षीची वेळ झाली की पाळकबाबा माझ्याकडे पाहत नाहीत. तरी मी उभी राहते, दर रविवारी. सांगते, माझी मुलगी बरी झालेली नाही. या आठवड्यात इतकं दुखलं. तिने गोळी घेतली. आम्ही देवाला हाक मारली. तिला कोणी पळायला सांगू नये.

गेल्या रविवारी एक म्हातारे मधेच उठून बाहेर गेले. आणखी जातील. जाऊ देत. मी बोलणं पूर्ण करूनच बसेन.