माहेरी आलेल्यांचा गट

ताईला जाऊन आठ महिने झाले. ती मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात आशा सेविका होती, आणि मी मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन आखतो. तिच्या घरभेटींसाठी मी एक साधी यादी करून दिली होती. नावं गटांत लावलेली: गरोदर, बाळंतीण, सासरी गेलेल्या, माहेरी आलेल्या. 'बदला' दाबलं की नाव बोटाने धरून एका गटातून दुसऱ्या गटात ओढता येई. ज्या गटात कोणी उरलं नाही, त्याचं शीर्षक आपोआप दिसेनासं होई. स्क्रीन मोकळा दिसतो, म्हणून मला ते आवडलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत. एकदा अशा आलेल्या सगळ्या लेकी सासरी परतल्या आणि तो गटच नाहीसा झाला. आठवड्याभराने शाळेमागच्या घरातली मुलगी सातव्या महिन्यात खामगावहून आली. ताईने तिचं नाव धरून खालीवर नेलं, पण सोडायला जागाच नव्हती. ते 'सासरी गेलेल्या'तच राहिलं, आणि त्या गटातल्या भेटींची आठवण मोबाइल देत नसे. ताई मात्र ठरल्या दिवशी गेली. मुलीच्या पायांवरची सूज पाहून तिला दवाखान्यात घेऊन गेली.

हे तिने मला शेंगा सोलता सोलता सांगितलं. तुला तर सगळं पाठच आहे, असं मी म्हणालो. तिचं दुखणं तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"काऊन रे, सोयरे गेले म्हनून खोलीचं दार बुजवतं का कोनी?" ती म्हणाली. "मले पाठ हाये. माह्यामांगं जे येईन, तिले कोन सांगीन?"

इतकी वर्षं हे काम करूनही रिकाम्या गटाचा विचार मी असा केला नव्हता. त्याच दुपारी शीर्षक कायम ठेवलं आणि खाली लिहिलं, 'सध्या कोणी नाही'. उन्हात दिसत नाही म्हणून तिने ती अक्षरं गडद करायला लावली. मग एकच नाव दहा-बारा वेळा इकडून तिकडे नेऊन पाहिलं, तेव्हा कुठे मोबाइल पिशवीत टाकला.

तिच्या जागी आलेल्या बाईंचा परवा फोन आला. 'माहेरी आलेल्या' गटात कोणीच नसताना एक लेक आली होती. तिचं नाव त्यांनी स्वतःच योग्य गटात नेलं होतं, पहिली भेटही झाली होती.

"काईच अडलं नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. तेवढंच सांगायला त्यांनी फोन केला होता.