सतरा पायऱ्या, रेलिंग बाकी

घर बांधून झालं की दोन गोष्टी हमखास उरतात. टाइल्सचे तुकडे आणि किस्से. तुकडे माळ्यावर टाकता येतात. किस्से मात्र येईल त्या पाहुण्याला चहासोबत द्यावे लागतात आणि त्यानंही घर बांधलेलं असेल तर त्याचेही ऐकून घ्यावे लागतात!

आता सांगताना मी हसते. घडत होते तेव्हा एकाही किश्शाला हसले नाही, कारण त्या चार महिन्यांत माझी झोपच उडाली होती. आमच्या नव्या घराचा जिना! सतरा पायऱ्या, नवव्या पायरीला वळण, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आणि घरात साडेतीन वर्षांची ओवी.

त्यात मी अमरावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पडणाऱ्या वस्तूचा वेग काढायला मला कागदसुद्धा लागत नाही. आईला हे ज्ञान नसलेलंच बरं.

मग रेलिंगशिवाय राहायला गेलातच कशाला, असं सगळे विचारतात. भाड्याच्या घराच्या मालकांकडे लग्न निघालं, त्यांना घर हवं होतं. बरं, आमचं स्वयंपाकघर खाली, झोपायची खोली वर. दिवसातून दहा वेळा तो जिना!

* * *

आमचे ठेकेदार प्रल्हादभाऊ. चांदूर बाजारचे, पन्नाशीचे, पांढरी स्कूटी, शर्टाच्या खिशात मेजरिंग टेप. तक्रार कुठलीही असो, छातीवर हात ठेवून उत्तर एकच.

"टेन्शन नोका घेऊ ताई. मी आहो न!"

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं ते बाथरूममध्ये. उतार बरोबर आहे का पाहायला त्यांनी मोठ्या ऐटीत बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे गेलंच नाही. ते शांतपणे उंबरा ओलांडून बेडरूममध्ये आलं.

माझा नवरा संदीप चप्पल उचलून बाजूला झाला. मी प्रल्हादभाऊंकडे पाहिलं. प्रल्हादभाऊंनी पाण्याकडे पाहिलं.

"ताई, पाणी नवीन आहे अजून. रस्ता शिकून राहिलं. टेन्शन नोका घेऊ, मी आहो न!"

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सगळी फरशी उखडली आणि मिस्त्रीला हात लावू न देता स्वतः मांडी घालून पुन्हा बसवली. आता एक थेंब टाकला तरी जाळीकडे धावतो. पाणी शिकलं एकदाचं!

* * *

बेडरूमचा स्विचबोर्ड दाराच्या मागे गेला. म्हणजे दार उघडलं की बोर्ड झाकतो. लाइट लावायचा तर आधी आत शिरायचं, अंधारात दार लावायचं, मग बटण चाचपायचं.

मी इलेक्ट्रिशियनला विचारलं, "असा कसा लावला हो बोर्ड?"

तो स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचत म्हणाला, "म्याडम, बेडरूम आहे न? दार लावल्याशिवाय लाइटचं काम काय?"

तेवढ्यात अकोल्याहून आलेल्या सासूबाई मागेच उभ्या आहेत, हे माझ्या लक्षात आलं. संदीपला अचानक खोकला आला.

सासूबाई म्हणाल्या, "बोर्ड इकडं घे रे बह्याडा! आन् तू खोकू नको."

* * *

सासूबाईंचं स्वतःचं एक इन्स्पेक्शन असे. हातात लाटणं घेऊन त्या घरभर फिरायच्या आणि एकेक टाइल ठोकायच्या. खाली सिमेंट कमी पडलं असेल तर टाइल पोकळ वाजते. पोकळ वाजली की खडूनं फुली! पहिल्या दिवशी हॉलमध्ये अकरा फुल्या झाल्या.

त्यानंतर प्रल्हादभाऊ यायच्या आधी फोन करू लागले. "ताई, मावशी आहेत काय घरी? ... बरं. आन् लाटणं?"

पण या दोघांचं एका बाबतीत एकमत होतं, ते मला फार उशिरा कळलं. एकदा मी चहा घेऊन गेले तर दोघं कुजबुजत होते.

"एक काम बाकीच ठेवा लागते मावशी. घर पूर्ण झालं का नजर लागते."

"ठेव बाप्पा. आमच्या अकोल्याच्या घराले पण ठेवलं होतं."

बाकी ठेवलेलं काम! दोन महिने मी ज्या रेलिंगसाठी जीव टाकत होते, ते यांनी मुद्दाम बाकी ठेवलंय की काय? मी एम.एस्सी. झालेली बाई, नजरबिजर मानत नाही. पण त्या क्षणी मी जे बोलले, त्यात विज्ञान औषधालाही नव्हतं.

प्रल्हादभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग टेप खिशातून काढला, पुन्हा ठेवला. माणूस दुखावलेला दिसत होता.

"ताई, पोरीच्या जिवावर मी घराची नजर उतरवन काय?"

मला घेऊन ते गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे, जिथं कुणी कधी जाणार नाही, तिथं एकच टाइल लावायची सोडली होती. हातभर मोकळी जागा.

"हे बाकी ठेवलं. रेलिंग त माह्या साळ्यापायी अडकलं."

* * *

हा साळा, म्हणजे प्रल्हादभाऊंचा मेहुणा, बार्शीटाकळीचा. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप त्याचं, हात फार चांगला, असं प्रल्हादभाऊ सांगायचे. पण शेतही त्याचंच. आधी त्याची सोयाबीन काढणी आली. मग पाऊस आला म्हणून काढणी लांबली. मग मळणीयंत्र बिघडलं आणि गावात वेल्डिंग येणारा तो एकटाच, म्हणून अख्ख्या गावाची मळणीयंत्रं त्याच्याच दारात!

मी एकदा वैतागून म्हटलं, "भाऊ, अमरावतीत दुसरा कुणी नाही का?"

"आहेत न, गंज आहेत, पायजे तेवढे. पण ताई, पोट्टी धरणार आहे ते रेलिंग. अनोळखी माणसाच्या वेल्डिंगवर माहा भरोसा नाई."



* * *

तोवर जिन्यासाठी मी माझी पद्धत काढली होती. बसून उतरायचं. एक पायरी, बसायचं, सरकायचं, पुढची पायरी. ओवीला हे शिकवायचं तर आधी मी करायला हवं, कारण ती सांगितलेलं ऐकत नाही, पाहिलेलं करते. म्हणून मीही बसून उतरू लागले. रोज. प्रत्येक वेळी. ओवी शाळेत असली तरी! ते का, हे मला विचारू नका. संदीपनं विचारलं होतं, त्याला उत्तर मिळालेलं नाही.

घाईत राहायला आल्यानं लांबलेल्या वास्तुशांतीच्या दिवशी पूजेची चांदीची वाटी वर राहिली. मी नऊवारीत वर गेले, ओवी मागे. खाली दीडशे माणसं. आणि मी परतले ती बसून, एकेक पायरी, हातात वाटी, मागे ओवी तशीच सरकत.

गुरुजी मंत्र विसरले.

शेजारच्या काकूंनी मनोभावे हात जोडले आणि सासूबाईंना हळूच विचारलं, "कोणता नवस हो हा? माह्या सुनेलेबी सांगा लागन."

सासूबाईंनी एवढ्या माणसांत माझी लाज राखली. "लय कडक आहे," त्या म्हणाल्या. "बी.ए.वाल्याले झेपत नाई."

* * *

प्रल्हादभाऊंनीही मला तसं उतरताना त्याच दिवशी पाहिलं. जेवले ते अर्धवटच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते बांबू आणि दोरी घेऊन हजर! दुपारपर्यंत त्यांनी जिन्याला बांबूचा कठडा बांधला. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, खालच्या पायरीवर उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि ओवीला हाक मारली.

"ये माय. उभी राहून ये. मी आहो न!"

ओवीनं माझ्याकडे पाहिलं. मी बांबू हलवून पाहिला. थोडा हलला. थोडाच. पण माझ्या चेहऱ्यावर काय दिसायचं ते दिसलं असावं, कारण ओवी खाली बसली आणि सरकत सरकत उतरली.

प्रल्हादभाऊ हात तसेच पसरून उभे होते. त्यांचं मला फार वाईट वाटलं. आणि माझं त्याहून जास्त. पोरीला मी पडण्यापासून वाचवत होते की उभं राहण्यापासून, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आला आणि पुढे कित्येक दिवस हलला नाही.

* * *

अखेर साळ्याची मळणी आटोपली. मापं फोनवर दिली. जिना कुठल्या बाजूला वळतो हे कळावं म्हणून त्यानं फोटो मागवला. मी लगेच पाठवला आणि आठ दिवसांनी छोट्या टेम्पोतून रेलिंग आलं. चकचकीत, गुळगुळीत, एकही टोक बोचणारं नाही. साळ्याचा हात खरंच चांगला होता.

फक्त रेलिंग डावीकडे वळत होतं आणि जिना उजवीकडे!

मी पायरीवर बसून रडले. मग उठून प्रल्हादभाऊंना नको नको ते बोलले. त्यांचा साळा, त्यांचं नियोजन, त्यांचं "मी आहो न", सगळं काढलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

संदीपनं माझ्या मोबाइलवर तो फोटो उघडला. मोठा करून पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "हा सेल्फी आहे."

होता. जिन्याजवळ ओवीला एकटं सोडायचं नाही म्हणून मी तिला कडेवर घेतलं होतं आणि समोरच्या कॅमेऱ्यानं आमच्या मागचा जिना टिपला होता. माझा मोबाइल सेल्फी आरशासारखा सेव्ह करतो. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.

आरशातली प्रतिमा उलटी का दिसते, हा धडा मी दरवर्षी शिकवते.

मला वाटलं, आता प्रल्हादभाऊ बोलणार. हक्कच होता त्यांचा. त्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला.

"होते बाप्पा. मीबी पाह्यला होता हा फोटो. पोट्टी कशी हासून राहिली, तेच पाहत बसलो. जिना कोन पाह्यते?"

त्या दिवशी ते "मी आहो न" म्हणाले नाहीत. टेम्पोत रेलिंगसोबत स्वतः बसून बार्शीटाकळीला गेले आणि दोन दिवस साळ्याच्या वर्कशॉपमधून हलले नाहीत.

* * *

तिसऱ्या दिवशी रेलिंग बसलं.

बोल्ट आवळून झाल्यावर प्रल्हादभाऊंनी पिशवीतून नारळ काढला. मला वाटलं, फोडणार. पण त्यांनी तो रेलिंगच्या प्रत्येक दोन गजांमधून घालून पाहिला. पहिली पायरी, दुसरी, तिसरी, वळण, थेट सतराव्यापर्यंत. कुठूनच जाईना.

"नारळ जात नाई, त डोस्कं जात नाई. पाहून घ्या ताई."

मग त्यांनी आणि संदीपनं दोघांनी मिळून रेलिंगवर अख्खं अंग टाकलं. हललं नाही. सासूबाईंनी लाटणं वाजवलं. आवाज भरीव आला!

मी आणि ओवी वर उभ्या होतो. ओवीनं रेलिंग धरलं, माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी चेहरा सांभाळला. ती उभी राहून निघाली. मोठ्यानं पायऱ्या मोजत, वळणावर आपल्या मनानं चौदा-पंधरा करत, ती खाली पोचलीसुद्धा!

"आता या ताई तुमी," प्रल्हादभाऊ खालून म्हणाले.

मी रेलिंग धरलं. स्टील थंडगार होतं, मजबूत होतं. पाऊल उचललं. आणि चार महिन्यांची सवय म्हणा, काही म्हणा, मी पहिल्या पायरीवर मटकन खाली बसले.

सासूबाई काही बोलणार होत्या, पण प्रल्हादभाऊंनी हातानंच त्यांना थांबवलं.

ओवीनं वर माझ्याकडे पाहिलं. मग तिनं पायातल्या चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या, खालच्या पायरीवर चढून उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले.

"ये न आई. उभी राहून ये. मी आहो न!"