पालकांची सही
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की परळच्या कॉलेजातला तो वर्ग आठवतो. घरदार सांभाळून बीए करणाऱ्या बायकांना मी वर्षभरात काय जमलं ते लिहायला दिलं होतं. त्यासाठी झेरॉक्स काढून वाटलेला तक्ता माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावरून उचललेला, आणि गाढवपणा असा की खालची ‘पालकांची सही’ ही ओळ खोडायची राहिली. पन्नाशीच्या एक बाई लिहिता लिहिता त्या ओळीशी थबकल्या. आधीच दोघी शिक्षण मध्येच सोडून गेल्या होत्या. आता याही कागद फेकून जाणार, या विचाराने मी ती ओळ खोडायला पेन घेऊन पुढे झाले. “मॅडम,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “शाळेत नापास व्हायचे ना, तेव्हा बापाची सही मीच ठोकायचे. आज माझ्या नावाची करते.” आणि त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. दरवर्षी तोच तक्ता वाटते, पण ती ओळ मी अजून खोडलेली नाही.