शेणाची पाटी आणि रातचा उजेड

दुष्काळाच्या साली मी परंड्याजवळच्या एका सोसायटीत नव्याने नोकरीला लागलो होतो. सायकलवरून जाताना वाटेतल्या वस्तीवरची एक बाई मला रोज दिसायची. डोक्यावर शेणाची पाटी, एक हात कमरेवर. गावातली जनावरं सरकारी चारा छावणीत होती आणि तिचे बैलही तिथंच.

"मावशी, बैल इथं आन् शेण घरी व्हय?" छावणीचा रखवालदार हसायचा.

"मग? बैल पाटीत बसत न्हाय," ती म्हणायची.

वस्तीवर वीज नव्हती. तिच्या दारात गोबरगॅसची टाकी होती. गॅस भरला की टाकीचं लोखंडी झाकण वर यायचं, सरला की खाली बसायचं. घरी पोचताच ती आधी झाकणावर तळवा ठेवायची. मग भांडी धुतलेलं पाणी शेणात कालवायची. स्वयंपाक मात्र धुरात, काटक्यांवर.

"गॅस असून चूल का?" मी एकदा विचारलं.

"भाकर काटक्यावर बी हुती, सायेब. पोरीचं मॅट्रिक हाय. तिला रातच्याला गॅसबत्तीचा उजेड पायजे."

पुढं छावणी लांब हलवली. पाटी बंद झाली, झाकण रोज थोडं खाली जाऊ लागलं. एका सकाळी ते तळाला टेकलेलं दिसलं. मी सायकल थांबवली, पण विचारायचं धाडस होईना.

"बसली वो टाकी," तीच हसून म्हणाली. "बसंना का! पोरीचा शेवटचा पेपर काल झाला."

मी कंदिलाच्या उजेडात शिकलो. त्या कंदिलातल्या रॉकेलचे पैसे कशातून यायचे, हे त्या संध्याकाळी मी आईला पहिल्यांदा विचारलं.