बुद्रुकची विहीर

"तुह्या आज्याचं गाव सांग, मंग जोडी उभी कर."

पोळ्याच्या दिवशी, भरल्या तोरणाखाली, पाटील मला असं म्हणाले. आवाज न चढवता.

सुलतानपूरच्या अलीकडं आमचं गाव. पोळ्याच्या ओळीत आमची जोडी कायम शेवटची. आम्ही मोगलाईतले ना. रझाकारांच्या धामधुमीत आजा निजामाच्या मुलखातून बायकापोरांसह इकडं वऱ्हाडात पळून आला. पाऊणशे वर्षं झाली, तरी आम्ही आपले 'आलेले'. यंदा मी जोडी पुढं घुसवली. पदवीधर माणूस, नवा सदरा, बैलांच्या शिंगांना बेगड. पण आज्यानं गावाचं नाव कधी काढलंच नाही. लोक हसले. मी जोडी फिरवली. डावा बैल फिरायला तयार नव्हता. त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त पाणी होतं.

घरी आत्याला विचारलं. पळून आले तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिनं गावाचं नाव सांगितलं अन् लगेच तोंडाला पदर लावला.

"जाऊ नको बाप्पा. तुहा आजा त्या दिशेले तोंड करून कधी जेवला नाही."

मी गेलो. मोटारसायकलवर, जालन्याच्या बाजूला. गाव सापडलं. एका पडक्या भिंतीपाशी मोठ्यानं रडलो, तिथली माती कपाळाला लावली. एका बाईनं मला पोटभर रडू दिलं. मग आज्याचं आडनाव विचारलं.

"या आडनावाचं इथं कुणीच नव्हतं, भाऊ. हे खुर्द. तुमचं बुद्रुक असंल, वढ्याच्या पल्याड. इथं आम्ही शेळ्या बांधतो."

कपाळ पुसलं. ती माती नव्हतीच.

बुद्रुकला रडलो नाही. चौकातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर ऐसपैस बसलो, चहा मागवला अन् आज्याचं पूर्ण नाव घेतलं. चारचौघांना ऐकू जाईल असं. चहावाल्याचा हात थांबला. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते गोळा केले. भर दुपारी एका दुकानाचं शटर खाली आलं.

गाद्या भरणारे एक म्हातारे पिंजारी चाचा जवळ आले. हळूच म्हणाले, "आधी त्या कट्ट्यावरून ऊठ."

"काऊन?"

"खाली विहीर हाये. बुजवलेली. तुझ्या आज्याचा भाऊ तिच्यातच हाये."

मी उठलो. चहा पायावर सांडला.

"रझाकारांनी?"

"सगळे तेच म्हणतेत. आमच्या माथी मारून मोकळे झाले. या गावात एक बी रझाकार आला नव्हता, बेटा. रान चांगलं होतं तुमचं."

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला एक जण आला, मागं दोघं. मी कोण ते त्यानं विचारलं नाही. त्याला ते माहीत होतं.

"जमीन मागायला आलास?"

"गाव पाहायला."

"पाहिलंस. आता नीघ. या म्हाताऱ्याचं वय झालंय, त्याला कशाला बोलायला लावतोस?"

हसून म्हणाला.

मी पळालो. चावी न लावताच तीन किका मारल्या, तेही सगळ्यांनी पाहिलं. ते दोघं ओढ्यापर्यंत मागं आले अन् थांबले. पलीकडं जाऊन मीही थांबलो. तेव्हा कळलं. आम्ही तीन पिढ्या पाटलापुढं मान खाली घालून उभे होतो, ती लाज आमची नव्हतीच. ती इथली होती. सिमेंटखाली दाबून ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या तहसिलात अर्ज दिला. विहीर उकरा. अर्जात चुलतआज्याचं नाव लिहिलं, खाली माझा फोन नंबर. चाचांचं नाही. कारकुनानं विचारलं, साक्षीदार कोण? आत्या, म्हणालो.

परवा फोन आला. पलीकडून कोणी बोलेना. नुसता श्वास. मी माझं नाव सांगितलं, आज्याचं सांगितलं, त्याच्या भावाचं सांगितलं. मग म्हटलं, गुरुवारी बुद्रुकला येतो. आत्याले घेऊन. ज्याले काही विचारायचं असंल त्यानं मले विचारावं, म्हाताऱ्याले नाही.

पलीकडून फोन ठेवला. आत्यानं गुरुवारसाठी लुगडं काढून ठेवलंय.