मेहुण्याला पिस्तूल पसंत पडेना

काही निवडायची वेळ आली की ज्याला घाम फुटतो असा माणूस अख्ख्या लंडनात माझ्या मेहुण्यासारखा दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो अजून दारात उभा राहून आत यावं की येऊ नये हेच ठरवत असेल. माझी बायको, तिचा हा धाकटा भाऊ आणि मी, आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे त्याच्यासाठी पिस्तूल बघायला जाणं. घाबरू नका. या देशात खरं पिस्तूल घरात ठेवलं तर सरळ तुरुंग. म्हणून इथले हौशी नेमबाज गॅसवर चालणारं पिस्तूल घेतात. दिसायला हुबेहूब खरं, प्रत्येक बाराला वरचा भाग खटकन मागंपुढं सरकतो, पण आतून निघते ती मोठ्या साबुदाण्याएवढी प्लॅस्टिकची गोळी. ते घेऊन हॉलमध्ये आडोशामागून पळत पळत पुठ्ठ्याच्या माणसांवर नेम धरायचा आणि घड्याळाशी शर्यत लावायची, असा हा खेळ. गुडघ्यांना पट्टे बांधणाऱ्या माणसानं तो निवृत्तीनंतर का धरावा, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तर त्या शनिवारी हा दुकानात घरातला किचनचा वजनकाटा घेऊन आला होता, आणि सोबत फ्रोजन मटारची पिशवी. काट्यावर पिस्तुलं तोलून झाली. मग म्हणाला, "दाजी, जानेवारीत हॉल गार असतो. गारठलेल्या बोटाला ट्रिगर कसा लागतो ते बघायला नको?" आणि मटारची पिशवी उजव्या हातात धरून बसला. टक्कल पडलेला गोरा दुकानदार याला ओळखून होता. त्यानं याच्यासाठी कोपऱ्यात एक खुर्चीच ठेवली होती. "टेक युअर टाइम, डॉक," म्हणायचा आणि दुसरी गिऱ्हाइकं बघायचा. हात बधिर झाला की हा एक पिस्तूल उचलायचा, भिंतीवर नेम धरायचा, मान हलवायचा आणि परत मटार. शेवटी माझी बायको उठली. तिनं राखाडी रंगाचं एक उचललं, त्याच्या मुठीत दिलं, त्याचा कोपर सरळ केला आणि म्हणाली, "बाळ, हे घे. हाताला बसतंय. आता स्थळ बघितल्यासारखं करू नको." हा म्हणाला, "ताई, विचार करतो." ती म्हणाली, "कर. मटार वितळलेत, तोवर मी उसळ करते." घरी येऊन तिनं खरंच त्या मटारांची उसळ केली. आम्ही तिघांनी खाल्ली. ती खुर्चीत टेकली आणि परत उठली नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. हा डॉक्टर समोरच होता. त्यानं एक क्षण न घालवता जे करायचं असतं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही.

तेच तर मला याच्याबद्दल कळत नाही. जन्मभर भूल देणारा डॉक्टर होता. टेबलावर माणूस निळा पडायला लागला की डोळ्याची पापणी लवायच्या आत याचा निर्णय झालेला असायचा, असं सगळे सांगतात. पण ऑपरेशन थिएटरचे कपडे उतरवले की गडी संपला. रेस्टॉरंटात मेनू कार्ड दिलं की परीक्षेचा पेपर आल्यासारखा चेहरा करायचा. त्याच्या स्टॅनमोरच्या घराला पडदे हवे होते, तर खिडक्यांना दोन हिवाळे वर्तमानपत्रं चिकटवून बसला. शेवटी माझी बायको बस बदलून गेली आणि पडदे लावून आली. ती हॉस्पिटलात नर्स होती, मी तिच्यामागून या देशात आलो आणि हॅरोत बस चालवली. माझं शिक्षण सातवीपर्यंत. तिनं स्वतःसाठी मला निवडलं तेव्हा तिच्या घरच्यांना वाटलं की या पोरीला निवडीतलं काही कळत नाही. पण भावाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. त्याची गाडी तिनं निवडली, घर तिनं, बूट तिनं, बायकोसुद्धा तिनंच.

आणि इथं खरी गंमत आहे. निवडायचं ताईनं आणि बिघडलं की बोल लावायचा तोही ताईलाच. गाडी मोटरवेवर बंद पडली तर टो-ट्रक बोलवायच्या आधी हिला फोन: "ताई, तू म्हणालीस म्हणून घेतली." बूट चावले तरी ताई. आणि बायको घर सोडून गेली तेव्हा आमच्या सोफ्यावर बसून, आमचा चहा पीत, हा तिला म्हणाला, "पसंत तूच केली होतीस." मी उठून त्याच्या हातातला कप काढून घेणार होतो. हिनं मला डोळ्यांनीच बसवलं. "अहो, त्याला कुणावर तरी ढकलायला हवं ना," ती नंतर म्हणाली. "माझ्यावर ढकललं तर बिघडलं कुठं?"

ती गेल्यावर तेराव्याला माझं घर माणसांनी भरलेलं, गुरुजी दक्षिणेची वाट बघतायत, आणि हा मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला. मला वाटलं, आता हा रडणार. तर म्हणतो, "दाजी, ताई शेवटी कुठल्या पिस्तुलाला हो म्हणाली होती? काळ्या की राखाडी?"

माझ्या हातात खिरीची पळी होती. ती त्याच्या डोक्यात घातली असती तर गोड झाला असता, एवढाच काय तो फायदा. "राखाडी," मी म्हटलं.

"नक्की?"

"बाहेर जा, डॉक्टर."

एवढं होऊनही त्यानं ते घेतलं नाही. महिने गेले. रोज फोन. राखाडीचा ट्रिगर मऊ आहे पण गोळ्या भरायचं मॅगझिन आखूड, काळं जड आहे म्हणून कमी उसळतं पण मनगट दुखतं, आणि तिसरं एक आहे ते आता बनतच नाही म्हणून तेच सगळ्यात चांगलं असणार. त्यातच एके दिवशी चहाची कपबशी त्याच्या हातात खडखड वाजताना मी पाहिली. उजवा हात कापायला लागला होता. "वाढत जाणार हे," तो इतक्या शांतपणे म्हणाला की दुसऱ्याच पेशंटबद्दल बोलत असावा. "या वर्षी सामन्यात उतरलो तर उतरलो. पुढच्या वर्षी क्लब मला पुठ्ठ्याच्या माणसांत उभं करेल." क्लबचं उसनं पिस्तूल सरावाला चालायचं, सामन्याला स्वतःचंच लागायचं. सामना दसऱ्यानंतरच्या रविवारी होता. मी म्हटलं, आता तरी घेशील. म्हणाला, "बघतो."

खंडेनवमीला त्यानं मला पूजेला बोलावलं. पाटावर त्याचा जुना स्टेथोस्कोप, भाजी चिरायची सुरी आणि मधोमध पिस्तूल. काळं.

"हे काळं कुठून आलं?" मी विचारलं.

"घेतलं."

"कुणाला विचारून?"

 तो झेंडूची फुलं सारखी करत बसला. बाकी वेळी मला घरी जाऊ देत नाही इतका बोलणारा हा माणूस. मला एवढा राग आला की आरती मी तोंड मिटून ऐकली. राखाडी हा तिचा शेवटचा शब्द होता, आणि यानं तोही पाळला नाही. खंडेनवमीची पूजा दरवर्षी हीच करायची, सुरीला कुंकवाचं एक बोट लावून मोकळी व्हायची. यानं आपल्या हातानं पहिल्यांदाच केली, आणि मूठभर हळदकुंकू, मूठभर अक्षता पिस्तुलावर अशा उधळल्या की नवरदेवावरसुद्धा कुणी उधळत नाही.

सामना साउथहॅम्प्टनच्या बाजूला एका हॉलमध्ये होता. रागात असलो तरी गाडी मीच चालवली, कारण सरळ जायचं की वळायचं हे त्याच्यावर सोडलं असतं तर आम्ही अजून राउंडअबाउटला फिरत असतो. त्याची पाळी आली. घड्याळ पीं करून वाजलं. पहिले चार बार काय मारलेत! हात कापतोय हे ज्याला माहीत नाही त्याला कळलंही नसतं. मी नकळत उभा राहिलो. आणि पाचव्या बाराला पिस्तुलातून लाल धूर निघाला. त्यानं खटका ओढला, परत लाल भपका. घामेजल्या हातांना कुंकू लागलं, तेच त्यानं कपाळावरून फिरवलं. पंच बाई शिट्टी फुंकत धावल्या. "स्टॉप! सर, आर यू ब्लीडिंग?"

हा छाती काढून म्हणाला, "नो मॅडम. इट इज ओन्ली कुंकुम. व्हेरी ऑस्पिशस."

त्यांनी मॅगझिन काढून टेबलावर आपटलं तेव्हा मॅगझिनच्या तोंडात अडकलेला अक्षतेचा दाणा बाहेर पडला. कुणीतरी त्याचा फोटो काढला. हा यादीत सगळ्यात खाली आला. त्याच्यावरचा नेमबाज शाळेत जात होता.

परतताना गाडी मोटरवेला लागली. मी तोंड बंद ठेवण्यातला माणूस नाही. "राखाडी घेतलं असतंस तर एवढी शोभा झाली नसती," मी म्हटलं.

"राखाडीच चांगलं होतं, दाजी," तो म्हणाला. "हाताला तेच बसत होतं. मला तिथंच कळलं होतं."

"मग मुद्दाम हे लोखंड घेतलंस?"

"ते घेऊन हरलो असतो तर माझ्या तोंडातून काय निघालं असतं, तुम्हाला माहितीये." तो खिडकीबाहेर बघत होता. नखांतलं कुंकू तसंच होतं. "आता ती नाही, तरी निघालं असतंच. मला तिला परत बोल लावायचा नव्हता."

मी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली. बदलायची काही गरज नव्हती. रस्त्याकडेच्या पुढच्या सर्व्हिसेसला थांबून आम्ही चहा घेतला. कुठला केक घ्यायचा हे त्यानं मला विचारलं नाही. मागची रांग वाढत गेली, पण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातून उठायच्या बेतात नव्हतो. ती गेल्यापासून सकाळी उठून करायचं काय, हे मला कुणी सांगितलेलं नाही. तेवढ्यात बेल वाजली. हा दारात. हातात कॅटलॉग नाही, काटा नाही, काही नाही. "चला दाजी, जरा चालून येऊ," म्हणाला. मी बूट चढवले, दार ओढून घेतलं आणि फाटकापर्यंत आलो. आमच्या घरापासून डावीकडं बाग लागते, उजवीकडं दुकानं. त्यानं डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं. परत डावीकडं. हवा बोचरी होती. "डावीकडं" हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. तो मी गिळला, टोपी कानांवर ओढली आणि त्याचं ठरेपर्यंत त्याच्या शेजारी उभा राहिलो.