बुडालेल्यांचे व्याही

नऊशे वर्षांपूर्वी परमुलखात बुडालेल्या माणसांसाठी डोळे पुसणारा माणूस मी एकच पाहिला. माझे व्याही. सुनेचे वडील, पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी चौथी नापास, जन्मभर रत्नागिरीकडे मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. सिंगापूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये आम्हा दोघांना एक खोली दिली, तेव्हाच मला संशय आला. मला शहाणा करायला आणलाय गृहस्थ.

खिडकीतून जहाज दिसलं की ते सुरू. इंग्लंडच्या राजाचा मुलगा आणि सरदारांची पोरंपोरी एका पांढऱ्या जहाजावर. खलाशांनाही दारू पाजलेली. आशीर्वाद द्यायला आलेले पाद्री हसून हाकलले. किनारा सुटतो न सुटतो तोच खडक. राजपुत्र होडीतून सुटला होता, पण बहिणीची हाक आली म्हणून परतला, तो गेलाच. इथे व्याही चष्मा काढून डोळे पुसायचे.

"वाचलं कोण?" मी विचारायचो.

"एक खाटीक. शिवाय राजाचा भाचा. पोट बिघडलं म्हणून आधीच उतरला होता."

"पुढे गादीवर कोण बसलं?"

"तोच."

"मग पोटदुखी खोटी!"

"अहो आबा, पोट कुणाचंही बिघडतं."

"नेमकं त्याच दिवशी?"

एकदा सगळ्यांनी हार्बरफ्रंट बंदरातून फेरीबोटीने समोरच्या बाटाम बेटावर जायचं ठरलं. सकाळी व्याही म्हणाले, "पोट ठीक नाही माझं. तुम्ही व्हा पुढे."

मी कान टवकारले. रांगेत उभा राहिलो, समुद्र न्याहाळला. ताटासारखा सपाट. म्हणजे गोम घरात होती.

"मी उतरतो," मी म्हणालो.

मुलगा वैतागला. "चढलात कुठे अजून?"

चोर पकडायला म्हणून एकटा परत आलो. व्याही न्हाणीघराच्या दारात पडले होते, घामाने निथळत. शेजारच्या चिनी बाईला हाका मारून ॲम्ब्युलन्स बोलावली. आतलं अपेंडिक्स फुटलं होतं. संध्याकाळपर्यंत टिकले नसते, असं डॉक्टर म्हणाला.

शुद्धीवर आल्यावर टाके धरून हसले. "राजपुत्र हाकेसाठी परतला. तुम्ही?"

"संशयासाठी. आणि पोटदुखीचं अजून पटलेलं नाही मला."

पुढे ते पुण्याला परतले. फोनवर मात्र पहिला प्रश्न त्यांचा ठरलेला, "आबा, संशय बरा आहे ना?"

परवा ते झोपेतच गेले. सून रडत होती. मी विचारलं, "पोट दुखत होतं का?"

"नाही हो आबा. काहीच दुखत नव्हतं."

हे मला पटत नाही. कारण सांगितल्याशिवाय उतरणारा माणूस नव्हता तो.